उजव्या छातीवरची मेडलं

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. वर्कशॉपमधल्या रशीद मास्टरला अर्धी माहीत आहे, पण तिचा अर्थ माहीत नाही—निदान मी तसं समजून चालतो. आणि ज्याला ती माहीत असायला हवी होती, तो माझा थोरला भाऊ आता नाही. तेव्हा तुम्हीच पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरं आहे.

मी कपड्यातला माणूस. युनिफॉर्म शिवतो—सिक्युरिटी गार्डांचे, हॉटेलांचे, स्कूलबसच्या ड्रायव्हरांचे. अबुधाबीजवळ मुसफ्फाला वर्कशॉप आहे, जवळच मोहम्मद बिन झायद सिटीत घर. सुरुवात मात्र बर दुबईतली, मीना बाझारमध्ये दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे तागे उचलण्यापासून. भाव करण्यात माझा हात कुणी धरत नाही. तिथले जुने व्यापारी मला लांबून बघितलं की म्हणतात, आला शकील, आज धंदा नाही, आज भांडण. डोकं माझं लवकर तापतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. खोटंही बोलतो. "एवढ्यात मला परवडत नाही" हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा ते खोटं होतं. पण ते धंद्यातलं खोटं. समोरच्यालाही ते खोटं आहे हे कळतं, आणि तोही तसंच बोलतो.

मी जे सांगणार आहे ते तसं नव्हतं. समोरच्याने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता.

भावाला आम्ही भाई म्हणायचो. गावात तो हनीफ हवालदार. दापोली तालुक्यातलं आमचं खाडीकाठचं गाव. घराघरातला माणूस एकतर बोटीवर, नाहीतर गल्फमध्ये. भाई एकटाच फौजेत गेला. तोफखान्यात. कारगिलला होता. तिथून परत आला तेव्हा डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, फक्त जेवायला बसताना आपल्या उजव्या बाजूला माणूस बसेल असं बघायचा.

मला त्याचा राग होता. आता सांगायला लागलोच आहे तर सांगतो.

एकोणीस वर्षांचा होतो मी. भाई रजेवर आला होता आणि रत्नागिरीला भरती होती. तोच मला घेऊन गेला. धावलो मी चांगला. पण छाती मोजताना श्वास भरून जेवढी फुगायला हवी तेवढी ती फुगेना. टेपवाल्याने दोनदा मोजली, मग हाताने नुसतंच 'जा' असं केलं. परत आलो तर ओटीवर मामू, शेजारी, सगळे बसलेले. काय झालं म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आधी भाई हसत म्हणाला, "याच्या छातीत हवा नाही, सगळी डोक्यात आहे. ह्याला दुबईला पाठवा!"

सगळे हसले. भाईने माझ्या मानेवर प्रेमाने थाप मारली. त्याला वाटलं, त्याने मला वाचवलं. कदाचित वाचवलंही असेल—लोक भरतीचं विसरले आणि दुबईचं बोलायला लागले. पण मी ते वाक्य जपून ठेवलं. विमानात नेलं, खाटेला खाट लागलेल्या खोलीत नेलं, पहिलं दुकान उघडलं तेव्हा तिथेही नेलं. गावातल्या शाळेच्या दोन खोल्या माझ्या पैशाने उभ्या राहिल्या, तेव्हा फीत कापायला कुणाला बोलावलं? हवालदारांना. दर पंधरा ऑगस्टला झेंडा कुणी चढवायचा? हवालदारांनी. भाई स्वतः फोनवर सांगायचा, "अरे, खोल्या तुझ्या आणि कात्री माझ्या हातात! मी भाषणात तुझं नाव घेतलं हं." घेतलंही असेल. मी "बरं, बरं" म्हणायचो आणि फोन ठेवून समोर जो कामगार सापडेल त्याच्यावर ओरडायचो.

भाई निवृत्त झाल्यावर मी त्याला इथे बोलावलं. तिकीट पाठवलं, व्हिसा काढला. का बोलावलं? भाऊ म्हणून? की माझं वर्कशॉप, माझी गाडी, माझ्यापुढे उभे राहणारे पंधरा-वीस लोक त्याने बघावेत म्हणून? दोन्ही असेल. त्यातलं जास्त कुठलं, हे मला माहीत आहे.

तो हिवाळ्यात आला. नोव्हेंबरच्या शेवटी इथे शहीद दिन असतो, आणि आमच्या मराठी मंडळाने त्याच आठवड्यातल्या शनिवारी एक कार्यक्रम ठरवला होता. आपल्याकडचे कितीतरी माजी सैनिक इथे आहेत—कुणी मॉलमध्ये गार्ड, कुणी सुपरवायझर, कुणी ड्रायव्हर. त्या सगळ्यांना सकाळी अबुधाबीच्या शहीद स्मारकावर न्यायचं, या देशाच्या शहिदांना मानवंदना द्यायची, आणि दुपारी हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करायचा. शाली मी देणार होतो. मंडळाच्या पाटकर वहिनींनी मला सांगितलं होतं, "शकीलभाई, शाली तुमच्या, तर तुमच्याच हस्ते द्यायच्या. स्टेजवर यायचं हं, पळायचं नाही." मी नवा सफारी शिवला. कुणाला सांगितलं नाही, पण शिवला.

मग वहिनींना कळलं की हनीफ हवालदार माझ्या घरी आलेले आहेत. त्यांचा फोन आला. आनंदाने नुसत्या ओरडत होत्या. "अहो, कारगिलचे! आणि तुम्ही सांगितलं नाहीत? आता प्रमुख पाहुणे तेच. शाली त्यांच्याच हस्ते देऊ. एका घरातला एकच जण स्टेजवर बरा, नाही का? तुमचं नाव बॅनरवर मोठं टाकते."

मी म्हटलं, "हो हो, उत्तम." आणि त्या दिवशी ज्या माणसाकडून मी शालींचं कापड घेतलं होतं, त्याला फोन करून उगाचच झापलं.

भाईला जेव्हा हे सांगितलं तेव्हा तो लगेच उठला. आतल्या खोलीत गेला आणि बॅग उघडून एक रुमालाची पुरचुंडी घेऊन आला. त्यात त्याची मेडलं होती. एका पट्टीवर ओळीने लावलेली. पण रिबनी जुन्या झालेल्या, खाडीच्या हवेने रंग उडालेले, एकीचा तर दोराच सुटलेला. म्हणाला, "शकील, तुझ्याकडे एवढे कारागीर आहेत. नवीन रिबनी लावून देशील? अशी घालून लोकांसमोर जायला बरं नाही वाटत." मग जरा थांबून, "रिटायर झाल्यावर एकदाही घातली नाहीत रे. गावात झेंड्याला काय, सगळे घरचेच. इथे बाकीचे फौजी असतील."

मी ती रशीद मास्टरला दिली. मास्टर लखनौचा, जुना कारागीर. लष्करी कपडे शिवणाऱ्या दुकानात वाढलेला. रिबनी त्याच्या पेटीत होत्याच. त्याने दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. मेडलं चिंचेच्या पाण्याने घासली, रिबनी एकसारख्या कापल्या, पट्टी नवी केली, मागे नवीन पिन बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर पांढऱ्या कापडावर ठेवून म्हणाला, "सेठ, भाईजान से कहिएगा, ये काम पैसे का नहीं है."

मी ती बघितली. झळकत होती. आणि मी—

मी ती कापडात गुंडाळली आणि कटिंग टेबलाच्या खणात ठेवून किल्ली खिशात टाकली.

त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. संध्याकाळी नेऊ, उद्या नेऊ. पण घरी गेल्यावर भाईने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून सहज निघालं, "रिबन इथे मिळत नाही भाई. मुंबईहून मागवलीय." एवढं सफाईदार खोटं न ठरवता कुणी बोलतो का? दोन दिवसांनी म्हटलं, पार्सल कस्टममध्ये अडकलंय. भाई म्हणाला, "मग मीच येतो वर्कशॉपला, जुन्याच रिबनी शिवून घेऊ." तो यायचा त्या दिवशी मी मास्टरला दोऱ्यांच्या निमित्ताने बर दुबईला पाठवून दिलं. भाई आला तेव्हा म्हटलं, मेडलं मास्टरच्या पेटीत बंद आहेत, तो बाहेर गेलाय. त्याने सगळं बघितलं, प्रत्येक मशिनीपाशी उभा राहिला, सगळ्या कामगारांना सलाम केला. कटिंग टेबलावर हात टेकून म्हणाला, "केवढं उभं केलंस रे तू एकट्याने!" खण त्याच्या हाताच्या खाली होता. एवढा खाली.

मला हेच ऐकायचं होतं ना त्याच्या तोंडून? मिळालं. तेव्हा तरी किल्ली काढायची. नाही काढली.

शनिवारी सकाळी तो ब्लेझर घालून तयार होऊन बाहेर आला. डावी छाती रिकामी. कापडात पिनेची जुनी भोकं दिसत होती. मी कपड्यातला माणूस, माझी नजर तिथेच जाते. म्हणाला, "चल. पण स्टेजवर मी येणार नाही. मेडल नसेल तर मी नुसता पाहुणा. वहिनींना तू समजाव." मला माहीत होतं तो असंच म्हणेल. तो म्हणेल म्हणूनच—हो, म्हणूनच.

शहीद स्मारक तुम्ही बघितलंय का? पत्त्यांसारख्या उंच पाट्या एकमेकींवर रेललेल्या उभ्या आहेत. एक काढली तर बाकीच्या पडतील असं वाटतं. समोर उथळ पाणी, आणि एका दालनात भिंतींवर शहिदांची नावं. आमचे फौजी बसमधून उतरले तेव्हा हसत-खिदळत होते, पण त्या दालनात शिरल्यावर आपोआप एका ओळीत झाले. सातारचा एक सुभेदार भाईला म्हणाला, "हवालदारसाहेब, काय लिवलंय ओ? आमाला तर सगळं सारखंच दिसतंय."

नावं अरबीत होती. आमच्या गावात लहानपणी सकाळी मशिदीत अरबी शिकवत, अक्षरावर बोट ठेवून, जेर-जबरच्या खुणा लावून. अर्थ कुणाला येत नसे, वाचता सगळ्यांना येई. भाईने भिंतीवर बोट टेकवलं आणि तसंच वाचायला लागला. मीम, हे... मुहम्मद. सीन, अलिफ... सालेम. एकेक नाव जुळवून मोठ्याने म्हणायचा, आणि मागे उभे असलेले सातारचे, कोल्हापूरचे, बीडचे लोक ते नाव हळूच त्याच्यामागून म्हणायचे. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. पाटकर वहिनी डोळे पुसत होत्या. मी दोनदा म्हटलं, "यल्ला भाई, बस थांबलीय, हॉलची वेळ झाली." त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो.

तेवढ्यात एक म्हातारा अमिराती आमच्याकडे आला. अंगात पांढरी पायघोळ कंदुरा, हातात काठी, पण पाठ ताठ. बराच वेळ लांबून बघत असावा. मोडक्या हिंदीत त्याने भाईला विचारलं, "तुम अस्करी?"

भाईने टाच जुळवून सांगितलं, "जी. हिंदुस्तानी फौज. तोप."

"हम भी अस्करी," म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला. "बहुत साल. ये तीसरा नाम, मेरा साथवाला का लडका." मग त्याने भाईच्या ब्लेझरकडे बघितलं, रिकाम्या छातीवर बोट ठेवलं. "मेडल किधर?"

"दर्जी के पास है."

"आज के दिन दर्जी के पास?" म्हातारा काठी आपटून म्हणाला. "दर्जी लोग सब झूठा! आज देगा, कल देगा. मारो उसको!"

भाई खळखळून हसला. माझ्या खांद्यावर हात टाकून मला पुढे ओढत म्हणाला, "कैसे मारूं चाचा? दर्जी मेरा सगा भाई है. देखिए, ये खडा है!"

सगळे फौजी हसले. म्हातारा माझ्याकडे बघून बोट नाचवत राहिला—"इन्शाल्ला बोलता है ना? इन्शाल्ला, इन्शाल्ला, बाद में खलास!"—आणि पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. किल्ली माझ्या खिशात होती. वर्कशॉप तिथून गाडीने अर्ध्या तासावर. हॉलमधला कार्यक्रम सुरू व्हायला अजून वेळ होता. मेडलं सहज जाऊन आणता आली असती. 'पार्सल सुटलं, आत्ताच फोन आला' म्हटलं असतं की झालं. मला काय खोटं सुचलं नसतं? हे सगळं मला तिथेच, हसता हसता सुचलं. मग म्हाताऱ्याने भाईला जवळ घेऊन त्याच्या नाकाला नाक लावलं, त्यांच्या पद्धतीने, आणि दोघं क्षणभर तसेच राहिले.

मी बसकडे चालायला लागलो.

हॉलमध्ये वहिनींनी भाईची खूप मनधरणी केली. तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षी. मेडल लावून, परेडसारखा येईन." आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसला, डावीकडच्या कोपऱ्यात, म्हणजे सगळा हॉल त्याच्या उजव्या कानाला येईल असा. मग शाली माझ्याच हस्ते दिल्या गेल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागे बघितलं. भाई दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होता, आणि शेजारच्याला काहीतरी सांगत होता. त्याच्या ओठांवरून कळत होतं—'माझा भाऊ.'

तो परत गेला. मी पंधरा दिवसांनी गावच्या एका माणसाबरोबर मेडलं पाठवली. फोन आला. "मिळाली. काय झकास लावलीयत रे! मास्टरना माझा सलाम सांग." एवढंच. त्याला कळलं होतं का? पार्सल कुठलं, कस्टम कुठलं, हे त्याने परत कधी विचारलं नाही. विचारलं नाही याचा अर्थ काय लावायचा? इकडे मास्टर मला विचारत होता, "भाईजान ने पहना? कैसे लगे?" मी म्हटलं, "सगळा हॉल उभा राहिला मास्टर." मास्टर दिवसभर मशिनीवर गुणगुणत होता.

पुढच्या वर्षी भाईला यायला जमलं नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, दुपारी झोपला तो उठलाच नाही.

मी मातीला पोहोचलो. चाळिसाव्याला भाभीने तीच रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हे सांगायचे, शकीलकडे द्या. त्यानेच नवी केलीयत." रिबनी तशाच कोऱ्या होत्या. घातलीच नव्हती.

इथवर तुम्हाला वाटत असेल, एवढंच? एका माणसाने भावाची मेडलं खणात ठेवली, त्यात काय मोठं? अजून राहिलंय. जे खरं सांगायचं आहे ते अजून राहिलंय.

यंदा मंडळाने पुन्हा तोच कार्यक्रम केला. पाटकर वहिनी म्हणाल्या, हनीफभाईंचा मरणोत्तर सत्कार करायचा, तुम्ही घ्यायचा. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं. भाव करणाऱ्या माणसाला एकदा म्हटलेलं 'नाही' म्हणजे काय असतं ते चांगलं कळतं. सातारच्या त्या सुभेदाराने समजावलं की फौजीच्या मागे घरच्याने मेडलं लावायची असतात. स्वतःची डाव्या छातीवर, गेलेल्या माणसाची उजव्या. त्यानेच माझ्या सुटाच्या उजव्या बाजूला ती पट्टी लावली, टिचकी मारून सरळ केली आणि मला सॅल्यूट ठोकला.

मी स्टेजवर गेलो. मीच दिलेली शाल वहिनींनी माझ्याच खांद्यावर घातली. पूर्ण हॉल उठून उभा राहिला—अगदी मी मास्टरला सांगितलं होतं तसा. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत माझी मुलगी सना मोबाईल धरून रडत होती. आणि मी त्या वेळी भाईची आठवण काढत होतो असं लोकांना वाटलं. मी त्याची आठवण काढत नव्हतो. मला आवडत होतं. इतकं आयुष्यात काही आवडलं नाही. मी पूर्ण श्वास भरून घेतला आणि उभा राहिलो.

घरी जाताना सना म्हणाली, "अब्बा, यू लुक्ड लाइक अ रिअल सोल्जर." फोटो तिने मोठा करून दिला. तो मी वर्कशॉपमध्ये, कटिंग टेबलाच्या मागच्या भिंतीवर लावला आहे. गार्डांच्या युनिफॉर्मची ऑर्डर घेऊन येणारे लोक बघतात, विचारतात, तुम्ही फौजेत होता? मी म्हणतो, भाऊ. मग ते भाव करताना फार ओढत नाहीत. हेही माझ्या लक्षात आलेलं आहे.

मास्टर कधीकधी मशिनीवरून मान वर करून त्या फोटोकडे बघतो. मेडलांची पट्टी त्याने ओळखली आहे. कुठल्या बाजूला लावलीय तेही त्याला कळतं. त्या कामात वाढलेला माणूस आहे. मग मान खाली घालून पुन्हा मशीन चालवायला लागतो.

फोटोत माझी छाती चांगली फुगलेली दिसते. तो मी अजून भिंतीवरून उतरवलेला नाही.